आंजर्ल्याला वळसा

खाद्ययात्रेची बैठक रविवारी दुपारी, जेवणं झाल्यावर बसली. उपाशीपोटी मुळ्यांच्या घरात दोन माणसांचं एकमत झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. भरल्या पोटी निदान भांडणारे अर्धवट झोपेत असत.

मांडवीच्या घराच्या पडवीत श्रीपती मुळ्ये झोपाळ्यावर बसले होते. पुढच्या महिन्यात त्यांना पंचाहत्तर पूर्ण होणार होती. हापूसच्या बागा आता धाकटा मुकुल बघायचा, त्यामुळे अण्णांकडे वेळ होता, आणि तो त्यांनी चवीला वाहिला होता. गावातल्या एका साप्ताहिकात 'चवीचं कुळागर' हे त्यांचं सदर वर्षानुवर्षं चालू होतं. घावनाला जाळी कशी पडावी, आमसुलाला ऊन किती द्यावं, कुळथाचं पिठलं कधी उतरवावं, यावर त्यांचा शब्द रत्नागिरीत शेवटचा समजला जाई. त्यांनी स्वतः आजवर चहासुद्धा केलेला नव्हता, पण त्याचा या गोष्टीशी काही संबंध आहे असं कुणाच्या मनात आलं नव्हतं.

सदराचं आता पुस्तक व्हायचं होतं. राजापूर, लांजा लिहून झालं होतं. गुहागरपासून मंडणगडापर्यंतची किनारपट्टी तेवढी राहिली होती. ती चाखून यावी, पंचाहत्तरीही साजरी व्हावी, म्हणून ठाण्याहून थोरला देवदत्त आला होता आणि पुण्याहून त्याची मुलगी मनस्विनी. तिनं फोन टीव्हीला जोडला होता आणि पडद्यावर समुद्राच्या कडेकडेनं एक निळी रेघ वर उत्तरेकडे चालली होती.

"सगळ्यात पहिला नियम," मनस्विनी म्हणाली, "तीन दिवस आजीनं स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही. आजीला पूर्ण विश्रांती."

"अगदी योग्य," अण्णा म्हणाले.

"हवीच," देवदत्त म्हणाला. "आई, वाटेत मिळेल न मिळेल, तेवढ्या थोड्या दशम्या मात्र घे हां. तुझ्या हातच्या."

"आणि लसणीची चटणी," मुकुल म्हणाला. "फेरीबोटीवर भूक लागते."

"अण्णांना बाहेरचं दही चालत नाही," देवदत्तला आठवलं. "विरजण घ्यावं लागेल."

हेमाताई दाराशी सुपारी कातरत होत्या. विश्रांतीची तयारी करायला त्यांना बहुधा दोन दिवस लागणार होते. लग्न होऊन या घरात आल्यापासून अण्णांच्या सदरातला प्रत्येक पदार्थ त्यांनी केला होता आणि छापून आल्यावर तो कसा करायचा हेही त्यांनीच वाचून घेतलं होतं.

"तर," मनस्विनीनं पडद्यावर बोट फिरवलं, "पहिल्या दिवशी जयगडची फेरीबोट, मग गुहागर. मुक्काम तिथे. दुसऱ्या दिवशी सकाळी दाभोळची खाडी ओलांडायची आणि दुपारी जेवायला... हे बघा! इथे जेवण मिळावं म्हणून लोक मुंबईहून येतात. शाकाहारी वेगळं, मासळी वेगळी, चूलसुद्धा वेगळी. आंजर्ल्याला. भार्गवीकाकूंची खानावळ. मी पानंही सांगून ठेवलीयत."

झोपाळा थांबला.

मनस्विनीला वाटलं, जेवण जड झालं असावं. तिला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आपल्या आजोबांना एक बहीण आहे आणि ती 'इकडे नसते', एवढंच तिच्या कानावर होतं. तिनं मनातल्या मनात त्या बाईला अमेरिकेत नेऊन ठेवलं होतं.

भार्गवी आंजर्ल्याला होती. दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकताना तिची हर्णैच्या दादू चोगलेशी गाठ पडली. दादूच्या घरी बोटी होत्या, जाळी होती, अंगणात मासळी वाळत असे. भार्गवीनं त्याच्याशी लग्न केलं. त्या दिवशी श्रीपती मुळ्यांनी पडवीत उभं राहून सांगितलं होतं, की आजपासून तिच्या घरचं पाणीही या घरातलं कुणी पिणार नाही. आई-वडील गेले, बागा वाढल्या, पण तो शब्द तसाच राहिला. त्याला पस्तीस-छत्तीस वर्षं झाली असतील. दोन पावसाळ्यांपूर्वी दादू गेला. तेव्हाही अण्णा हलले नव्हते.

"दापोली तालुका वगळायचा," अण्णा म्हणाले.

"सगळा?"

"सगळा. गुहागरहून मागे फिरून चिपळूण, खेड आणि घाटातनं सरळ मंडणगड."

मनस्विनीनं तसं घालून पाहिलं. निळी रेघ समुद्राला पाठ करून डोंगरात शिरली आणि बराच वेळ तिथेच भटकत राहिली.

"आजोबा, ही किनाऱ्याची सहल आहे. यात दोन दिवस समुद्रच दिसत नाहीये."

"समुद्र इथे गच्चीवरनं दिसतो."

"पण दापोली सोडून उत्तरेची चव कशी लिहिणार तुम्ही?"

"अण्णा म्हणतात ते बरोबर आहे," देवदत्त घाईनं म्हणाला. "दापोलीत खाण्यासारखं आहे काय मुळात? नुसती गर्दी."

मुलीनं वडिलांकडे चमकून पाहिलं. देवदत्त विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता. घरी अंड्याचा केक आला तर तो बशी वेगळी काढायला लावायचा. त्या घडीला देवदत्तच्या डोळ्यांपुढे मात्र आंजर्ल्याच्या खानावळीतलं खिडकीजवळचं टेबल होतं. कंपनीच्या कामासाठी वर्षातनं दोनदा त्याला महाड-दापोली करावं लागे, निदान तो ते करून घेई. पहिल्यांदा तो सहकाऱ्यांबरोबर चुकून शिरला होता. आत्यानं ओळखलं, पण काही न बोलता सुरमईचा तुकडा वाढला. त्यानं तो खाल्ला. दुसऱ्यांदा तो चुकून गेला नव्हता. आता खानावळीतला वाढपी त्याला बघितल्यावर विचारतही नसे. हे सगळं या पडवीत फुटलं तर काय होईल, या विचारानं त्याला घाम आला.

"मुकुल, तू बोल ना," मनस्विनी काकाकडे वळली. घरात त्याला ती नावानंच हाक मारी. "तुला तर घाटातनं गाडी चालवायला आवडत नाही."

मुकुलचं सगळं लक्ष पायाच्या अंगठ्याकडे गेलं होतं. तो चाळिशी ओलांडलेला, बिनलग्नाचा होता. बागा स्वतःच्या, घर स्वतःचं. फक्त मुंबईत फ्लॅट नाही, म्हणून आलेल्या मुलींनी पन्हं पिऊन नकार दिला होता. तो एरवी पुतणीच्या बाजूनं असे. पण त्याच्या आमरसाच्या डब्यांचं सगळ्यात खात्रीचं गिऱ्हाईक आंजर्ल्याला होतं. ऐन मोसमात त्याची गाडी 'दापोलीच्या व्यापाऱ्याकडे' जायची, तो व्यापारी म्हणजे भार्गवीआत्या. मुलींनी नाकारल्यावर तो दोनदा मुद्दाम जाऊन तिच्या घरच्या ओटीवर बसून आला होता.

"घाट बरा," तो म्हणाला. "मोहराचे दिवस आहेत, मला तसंही लवकर परतायचंय. खेडवरनं सोपं पडेल."

"खेडवरनं लांब पडतं!"

"लांब पण सोपं."

"ठरलं तर," अण्णा म्हणाले आणि झोपाळ्याला पाय दिला. आपल्या शब्दाला घरात अजून केवढा मान आहे, हे पाहून त्यांना भरून आलं होतं. आजकाल कुठल्या घरात मुलं बापाचं इतकं ऐकतात? पुस्तकाच्या प्रस्तावनेत एक वाक्य घालायचं त्यांनी ठरवलं.

"आजी?" मनस्विनीनं शेवटचा दरवाजा ठोठावला.

हेमाताईंनी अडकित्ता मिटला. दादू गेला तेव्हा त्या चिपळूणला मावसबहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. म्हणजे तसं सांगून गेल्या होत्या. यस्टीनं दापोली, तिथून रिक्षानं आंजर्लं. भार्गवीजवळ त्या दोन दिवस राहिल्या. परत आल्यावर अण्णांनी बारशाला जेवण काय होतं ते खोलात जाऊन विचारलं होतं, आणि हेमाताईंनी श्रीखंडापासून मठ्ठ्यापर्यंत सगळं रचून सांगितलं होतं. त्यावर अण्णांनी लेखही लिहिला होता.

त्या काही म्हणणार, एवढ्यात फोन वाजला. तो टीव्हीला जोडलेला होता, त्यामुळे आवाज सगळ्या पडवीभर घुमला. मनस्विनीनं घाईत नको ते बटण दाबलं.

"हॅलो, मी आंजर्ल्याहून बोलत्ये. खानावळीतनं. पुढच्या शनिवारी दुपारी पाच पानं सांगितलीत ना गो तुम्ही?"

आवाज जरा घोगरा, पण स्पष्ट होता. देवदत्त खुर्चीत खाली सरकला. मुकुल पुन्हा अंगठ्याकडे बघू लागला. अण्णांचा चेहरा एखाद्यानं घराच्या पायऱ्यांवर परका माणूस बघावा तसा झाला. आवाज ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही.

"हो... म्हणजे सांगितली होती," मनस्विनी म्हणाली. "पण जरा..."

"तुम्ही लिहिलंय, बरोबर पंचाहत्तरीचे गृहस्थ आहेत, शाकाहारी आहेत. म्हणून म्हटलं आधी विचारावं. म्हाताऱ्या माणसांचं एक एक असतं. दातांना चालेल असं करू का काही?"

"दात ठीक आहेत," मनस्विनी म्हणाली आणि आजोबांकडे बघायचं टाळलं.

"बरं. मग डाळिंब्यांची उसळ करत्ये, घावन, नारळाची चटणी. आणि आमची भोपळ्याची आमटी. तिरफळं घालून."

"भोपळ्याच्या आमटीत तिरफळं घालत नाहीत!"

अण्णा उभे राहिले होते. त्यांनी तोंडावर हात नेला, पण वाक्य गेलं होतं. छत्तीस वर्षं त्यांनी बहिणीशी न बोलण्याचं पाळलं होतं. आमटीत कुणी तिरफळं घालतंय हे मात्र त्यांना एक मिनिटही ऐकून घेता आलं नाही.

पलीकडे कुणीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

"कोण? दादा?"

अण्णा झोपाळ्याची कडी धरून उभेच होते.

"तिरफळं घालतात," भार्गवी सावकाश म्हणाली. "आई घालायची."

"आई कधीही घालत नसे. तिरफळं माशाच्या आमटीत घालतात. आमच्या घरची आमटी आमसूल आणि गूळ. मी लिहिलंय तसं."

"तू लिहिलं असशील. आई आमटी चुलीवरनं उतरवायच्या आधी चार तिरफळं ठेचून टाकायची. तुझ्या पानात आलं की तू ओरडायचास, म्हणून तुला वाढताना ती वेचून काढायची. तुला दिसली नाहीत, म्हणजे नव्हतीच असं ठरवलंस तू. नेहमीसारखं."

अण्णांनी हेमाताईंकडे पाहिलं. ते पाहणं साक्षीदाराला बोलावण्यासारखं होतं.

"सासूबाई घालायच्या," हेमाताई म्हणाल्या. "मीही घालते. वेचून काढते."

"तू? इतकी वर्षं?"

"तुम्ही चव अगदी बरोबर आली आहे म्हणायचात. मग मी कशाला बोलू?"

फोनवरून हसण्याचा आवाज आला. लगेच तो थांबलाही. "वहिनी, किती पानं ते शुक्रवारपर्यंत सांगा. मला नारळ काढायला माणूस बोलवायचा असतो," भार्गवी म्हणाली आणि फोन बंद झाला. निळी रेघ पडद्यावर परत आली.

अडकित्ता डब्यात पडल्याचा आवाज झाला. मग हेमाताई उठल्या.

"मी आंजर्ल्याला जाणार," त्या म्हणाल्या. "तुम्ही खेडवरनं जा. आणि दशम्या, चटणी, विरजण यातलं मी काही करणार नाही. मला विश्रांती आहे."

आता हवा फिरलीय हे देवदत्तच्या सगळ्यांत आधी लक्षात आलं. कंपनीत तो याच गुणावर वर चढला होता. "आईला एकटीला कसं पाठवायचं?" तो म्हणाला. "मी जातो तिच्याबरोबर. नाइलाज आहे."

"गाडी मी चालवतो," मुकुल म्हणाला. "घाटाचा तसा मला कंटाळाच आहे."

"अण्णांना मग खेडवरनं यस्टी बघावी लागेल," देवदत्त म्हणाला, आणि बोलून झाल्यावर आपण हे मोठ्यानं बोललो असं त्याच्या ध्यानात आलं.

अण्णा झोपाळ्यावर बसले. घरातला तो केवढा मोठा मान इतक्या थोड्या वेळात कुठे गेला, हे त्यांना उमगेना. चहा आला, तो त्यांनी चवीबद्दल काही न बोलता प्यायला. हे घरात पहिल्यांदाच घडत होतं. कप खाली ठेवून ते म्हणाले, "मीही येईन. जेवायला नाही. तपासायला. पुस्तकात चूक जाता कामा नये."

"अर्थात," मनस्विनी म्हणाली. "अभ्यास म्हणून."

"अभ्यास म्हणून," अण्णा म्हणाले.

*

शुक्रवारी जयगडची फेरीबोट त्यांनी गाठली. गुहागरला अण्णांनी तीन ठिकाणी मोदक चाखले आणि तिन्ही ठिकाणी कारलं खाल्ल्यासारखा चेहरा करून 'बरा' म्हणाले. शनिवारी सकाळी दाभोळच्या खाडीत बोट मध्यावर आली तेव्हा ते गाडीतनं उतरून कठड्याशी जाऊन उभे राहिले. हेमाताई शेजारी आल्या.

"ती मला बघून काय म्हणेल?" अण्णांनी विचारलं.

"घावन गरम आहेत, आधी बसा म्हणेल."

"तुला काय माहीत?"

हेमाताईंनी पाण्याकडे पाहिलं. "अंदाज," त्या म्हणाल्या.

गाडीत देवदत्त आणि मुकुल एकमेकांशी बोलत नव्हते. दोघांनाही वाटत होतं, की आपण एकटेच बुडणार आहोत. आपापल्या परीनं दोघांनी आत्याला आधी फोन करून 'ओळख दाखवू नकोस' असं सांगायचा प्रयत्न केला होता. तिनं दोघांचाही फोन उचलला नव्हता.

आंजर्ल्याची खानावळ म्हणजे साधं कौलारू घर होतं. पुढे शेणानं सारवलेलं अंगण, सुपारीच्या झाडांखाली टेबलं. भार्गवी पायरीवर उभी होती. केस पांढरे, ओचा खोचलेला, हाताला पीठ. अण्णा गाडीतनं उतरले आणि तिथेच थांबले. तीही थांबली. तिनं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं. मग ती बाकीच्यांकडे वळली.

"देवदत्त, आज सुरमई नाही हां. हलवा आलाय, तो तळत्ये. तुझं खिडकीजवळचं टेबल ठेवलंय. मुकुल, मागच्या खेपेच्या डब्यांतले दोन फुगले होते रे, बदलून दे. वहिनी, गुडघा कसा आहे? ते तेल लावता ना?"

सुपारीच्या झावळ्या सळसळत होत्या. देवदत्तनं गाडीचं दार उगाचच उघडून पुन्हा लावलं.

"आजोबा, मी नाही हां," मनस्विनी म्हणाली. "मी खरंच पहिल्यांदा येतेय."

अण्णांनी एकेकाकडे पाहिलं. थोरला हलव्याच्या नावानं घाबरलेला, धाकटा फुगलेल्या डब्यांनी शरमलेला. हेमाताईंकडे त्यांनी सगळ्यांत उशिरा पाहिलं.

"ते चिपळूणचं बारसं," ते म्हणाले.

"हो."

"आणि श्रीखंड?"

"नव्हतं. इथे तेव्हा दोन दिवस चूल पेटली नव्हती."

अण्णांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. ओरडावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण कुणावर सुरुवात करावी तेच त्यांना ठरवता येईना. "म्हणजे या घराशी बोलायचं नाही, हे मी एकट्यानंच पाळत होतो?"

"नाही रे दादा," भार्गवी म्हणाली. "मीही पाळलं. तुझं सदर एकदासुद्धा वाचलं नाही. चल, घावन गार होतील."

आत पानं मांडलेली होती. माशांची ताटं अंगणातल्या टेबलांवर, शाकाहारी मंडळी माजघरात, आणि दोन्हींच्या मध्ये भार्गवी. अण्णा पाटावर बसले. समोरच्या भिंतीवर दादूचा फोटो होता. दाट मिश्या, चष्मा, खिशाला पेन. बोटीपेक्षा शाळेत शोभेल असा माणूस. अण्णांनी त्याला आयुष्यात एकदा, पडवीच्या पायरीवरून परत पाठवताना पाहिलं होतं, आणि तेव्हा चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

आमटी वाढली गेली. त्यांनी ती भुरकली. तिरफळ दाताखाली आलं, जीभ चरचरली. माजघरात सगळे त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. मनस्विनी तर वही उघडून बसली होती. अण्णांनी डोळे मिटले आणि उघडले.

"हीच," ते म्हणाले. "हीच आहे."

भार्गवीनं काही जिंकल्याचा चेहरा केला नाही. ती पळीनं उसळ हलवत राहिली.

उसळ संपली, घावन संपले. इतक्या वर्षांत बहिणीला काय विचारायचं असतं, हे अण्णा विसरून गेले होते. मुलंबाळं, तब्येत, सांत्वन, यातलं काहीच त्यांच्या तोंडात येईना. त्यांना एकच प्रश्न विचारता येत असे.

"दादू," ते फोटोकडे बघत म्हणाले, "काय आवडीनं खायचा?"

भार्गवीचा हात थांबला.

"वरणभात," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि काही नाही. जन्मल्यापासून मासळीत वाढलेला, त्याला वाससुद्धा नकोसा झाला होता. वसतिगृहावर आई मला यस्टीनं मेतकूट-तूप पाठवायची, ते सगळं तो संपवायचा. त्याच्या घरनं आलेले बांगडे मी खायचे." ती किंचित हसली. "मासे मी खायला लागले, दादा. त्यानं सोडले होते. तुझ्या दारात आला ना, तेव्हाही शुद्ध शाकाहारी होता तो."

"हे मला कुणी सांगितलं नाही."

"तो सांगायलाच आला होता. तू दार लावलंस."

बाहेर अंगणात, खिडकीजवळच्या टेबलाशी, देवदत्त हलव्याचा काटा काढता काढता थांबला होता. अण्णांनी पानातला उरलेला भात कडेला केला, मग पुन्हा मधे घेतला.

"गोडं वरण आहे का गो घरात?" त्यांनी विचारलं.

"आहे. अजून रोज लावत्ये. सवयीनं."

ती आत गेली आणि लहान पातेलं घेऊन आली. अण्णांच्या भातावर तिनं वरण घातलं, मग तुपाच्या भांड्यात चमचा बुडवला.

"तूप किती?"

"त्याला वाढायचीस तेवढं," अण्णा म्हणाले.